नऊशे ग्रॅमचं पार्सल आणि ९९ रुपये

ऑनलाइन धंद्याची मार्केटिंगची आखणी म्हटली की लोक आधी लोगो करून घेतात, इन्स्टाग्रामचं पान उघडतात आणि 'बूस्ट'चं, म्हणजे पैसे देऊन पोस्ट पसरवायचं, बटण दाबून मोकळे होतात. आम्ही मसाल्याच्या मालाची आखणी करायला बसलो ती वजनकाटा समोर ठेवून. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या मोंढ्यातून, म्हणजे शेतमालाच्या बाजारातून, हळकुंड घ्यायचं, दळायचं, पाकिटं भरायची आणि पुण्या-मुंबईच्या घरी पोचवायची, एवढाच धंदा. यात जाहिरातीवर किती खर्च परवडतो, हे जाहिरात कशी आहे यावर ठरत नाही. एका पार्सलमागे हातात काय उरतं, यावर ठरतं. म्हणून पहिलं काम हिशेबाचं.

भाव रोज हलतात, तेव्हा समजायला गोल आकडे धरू. साफसफाई, दळाई आणि घट धरून हळद पावडर १८० रुपये किलोनं पडते असं समजा. सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं ते अर्ध्या किलोचं पाकीट. विक्री २२० रुपये. माल ९०, पाकीट-लेबल ९, वरची कुरिअरची पिशवी ६, ऑनलाइन पेमेंटचा आकार ५, किमतीत धरलेला पाच टक्के जीएसटी १०. राहिलं कुरिअर. इथं मेख आहे. कुरिअरचे दर ५०० ग्रॅमच्या टप्प्यानं चढतात आणि अर्धा किलो हळद पाकीट-पिशवी-बिलासकट भरते ५५० ते ५६० ग्रॅम. म्हणजे आकारणी एक किलोची. ५२ रुपयांऐवजी ७५ जातात आणि हातात उरतात २५ रुपये. हेच पाकीट ४०० ग्रॅमचं करून १८० ला विकलं, तर माल ७२, पाकीट ९, पिशवी ६, कुरिअर ५२, पेमेंट ४, जीएसटी ९ आणि शिल्लक २८. शंभर ग्रॅम माल कमी देऊन तीन रुपये जास्त. पाकिटाचं वजन गोल आकड्यातच हवं असं काही नाही. निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, दर ग्रॅमची किंवा किलोची किंमत, पॅकिंगचा महिना-वर्ष, पत्ता आणि तक्रारीचा नंबर लेबलवर पाहिजे. खाण्याचा माल म्हणून एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी क्रमांकही पाहिजे.

पण २८ रुपयांतही जाहिरात बसत नाही. म्हणून एक पाकीट विकायचंच नाही, असं ठरलं. ४५० ग्रॅमची दोन पाकिटं, एकूण ९०० ग्रॅम माल, खोक्यासकट ९८० ग्रॅम. एक किलोच्या टप्प्यात वीस ग्रॅम राखून. किंमत ३९८. माल १६२, पाकिटं-लेबल १८, खोकं-टेप-बिल १६, कुरिअर ७५, पेमेंट ९, जीएसटी १९. बेरीज २९९. उरले ९९. पुढचं सगळं मार्केटिंग, माणसाची मजुरी आणि वीजबिलसुद्धा या ९९ मधूनच निघायचं आहे. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. ज्याला हा आकडा तोंडपाठ नाही, त्यानं जाहिरातीचं खातं उघडू नये.

खोक्याचं माप हाही हिशेबाचाच भाग. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन, यांपैकी जास्त असेल ते धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५,००० नं भागतात. बाजारात सहज मिळणारं २५ × २० × १५ चं खोकं घेतलं तर उत्तर येतं दीड किलो, आत माल ९०० ग्रॅमच का असेना. २० × १५ × १२ चं घेतलं तर ०.७२. खोकं थोडं मोठं आलं म्हणून पार्सलमागे पंचवीस-तीस रुपये जातात, आणि कुरिअरचं बिल पंधरा दिवसांनी येतं तोवर कळतही नाही.

आता गिऱ्हाईक. मराठवाड्यातून पुण्याला गेलेली माणसं, हडपसर, वाघोली, पिंपरी-चिंचवड, चाकण. हीच आपली गिऱ्हाइकं, असं कुणीही छातीठोक सांगतो. कागदावर ते बरोबर दिसतं. पण नांदेड-लातूरहून रात्री सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत काय असतं ते एकदा बघा. सुतळीनं शिवलेलं जवारीचं पोतं, तुरीची डाळ, हळदीचा डबा, लोणच्याची बरणी, सगळ्यांवर मार्करनं नाव-नंबर टाकलेला. ज्याचे आई-वडील गावी आहेत आणि शेत घरच्यांकडंच आहे, त्याला हळद विकत घ्यायची गरजच नसते. आपली स्पर्धा मोठ्या ब्रँडशी नाही, या डिकीतल्या पोत्याशी आहे, आणि त्या पोत्याचा भाव शून्य आहे.

मग विकत घेतं कोण? एक, ज्यांना गाव सोडून पंधरा-वीस वर्षं झाली, जमीन बटईनं दिली किंवा विकली, घराला कुलूप आहे आणि पोतं यायचं बंद झालंय. दोन, त्यांचे शेजारी आणि ऑफिसातले, ज्यांनी कधीतरी त्यांच्या डब्यातली भाजी खाल्ली. पहिल्याला वसमत कुठं आहे हे सांगावं लागत नाही. दुसऱ्याला वसमत म्हणजे काय हे माहीत नाही, त्याला माल दाखवावा लागतो. या दोघांसाठी जाहिरातीची भाषा वेगळी. ज्याला पोतं येतं तो गिऱ्हाईक नाही, पण चार जणांना सांगणारा माणूस तोच असतो. त्याला सवलतीचं कूपन देऊन उपयोग नाही. शेजाऱ्याला द्यायला नमुन्याची ५० ग्रॅमची पुडी दिली तर ती कामी येते.

हे कळायला तीस फोन पुरतात. मात्र प्रश्न नीट विचारायचे. "आमची हळद घ्याल का?" असं विचारलं तर मराठी माणूस भिडेखातर हो म्हणतो, आणि त्या होकारावर कुणी दोन क्विंटल दळून बसलं की ते वर्षभर पुरतं. विचारायचं झालेल्या खरेदीबद्दल. मागची हळद कुठून आणली? किती? काय भावानं? कधी संपली? त्यात काय आवडलं नाही? या पाच प्रश्नांच्या उत्तरांत पाकिटाचं वजन, किंमत आणि जाहिरातीची वाक्यं तिन्ही निघतात. लोक ज्या शब्दांत तक्रार करतात, तेच शब्द जाहिरातीत घालावेत.

याच फोनांतून हळदीची खरी अडचण समोर आली. चार माणसांच्या घरात महिन्याला शंभर-दीडशे ग्रॅम हळद लागते. म्हणजे ९०० ग्रॅमचं पार्सल घेणारा माणूस सहा महिने परत येणार नाही. गिऱ्हाईक मिळवायला ९९ पेक्षा जास्त खर्च झाला, तर तो भरून यायला अर्धं वर्ष लागतं. डाळ महिन्याला लागते, पण डाळ जड; कुरिअरनं गेली की कोपऱ्यावरच्या दुकानापुढं भावात हरते. मग वजनाला हलकं, किमतीला बरं आणि लवकर संपणारं काय? काळं तिखट आणि येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळी-मसाल्यांची आमटीसाठीची पूड. येसरीची आमटी ज्याला माहीत आहे त्याला पुण्यात ती सहजासहजी मिळत नाही, आणि २०० ग्रॅम येसर महिना-दीड महिन्यात संपतं. त्यामुळं संच असा बसवला: हळद ४५० ग्रॅम, काळं तिखट २५०, येसर २००. वजन तेच ९००. किंमत ४९९. तिखट ३५० रुपये आणि येसर २५० रुपये किलोनं पडतं असं धरून माल २१९, पाकिटं २७, खोकं १६, कुरिअर ७५, पेमेंट १२, जीएसटी २४. शिल्लक १२६, आणि सहा महिन्यांऐवजी दोन महिन्यांत परत फोन करायला कारण. आखणीतला हा सगळ्यात मोठा बदल, आणि तो जाहिरातीत नाही, मालात आहे.

शब्दांची निवड. 'गावरान', 'शुद्ध', 'घरगुती', 'आजीच्या हातची' हे शब्द इतक्यांनी वापरलेत की वाचणाऱ्याची नजर त्यांच्यावरून घसरते. 'सेंद्रिय' लिहायचं तर त्याचं प्रमाणपत्र लागतं. हळदीनं अमुक आजार बरा होतो असं लिहिणं तर कायद्यात बसतच नाही, आणि फेसबुकही अशा जाहिराती नाकारतं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पण मानांकनाचा शिक्का पाकिटावर छापायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी लागते. नुसतं वसमत तालुक्यात दुकान आहे म्हणून तो शिक्का आपला होत नाही. या सगळ्याऐवजी सरळ माहिती द्यावी: सेलम जात, हळकुंड कोणत्या महिन्यात मोंढ्यातून घेतलं, दळलं कधी. "मार्चमध्ये घेतलेलं हळकुंड, या आठवड्यात दळलेलं" हे वाक्य कुणीही तपासू शकतं, आणि ते खोटं असेल तर लिहिताना हात अडखळतो, हा त्याचा फायदा.

फोटोत हळद हमखास फसते. ट्यूबलाइटखाली ती हिरवट दिसते, पिवळ्या बल्बखाली नारिंगी. मग आलेला माल वेगळा दिसतो आणि "रंग फिका आहे" म्हणून तक्रार येते. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उन्हात नाही तर सावलीत, स्टीलच्या परातीत किंवा पांढऱ्या धोतराच्या फडक्यावर माल ठेवावा. पावडरीशेजारी एक हळकुंड मोडून ठेवावं, मोडलेल्या तोंडाचा गडद केशरी रंग सगळं सांगतो. व्हिडिओ एकच पण नीट: काचेच्या पेल्यात पाणी, वर चमचाभर हळद, ढवळायचं नाही. चांगली हळद खाली बसत जाते आणि पाण्याला फिकट पिवळा रंग येतो. रंग मिसळलेली असेल तर पाणी लगेच गर्द पिवळं होतं. बाजारात चमकदार पिवळ्याची सवय झालेल्या माणसाला आपला माल फिका का दिसतो, याचं उत्तर त्याच्याच स्वयंपाकघरात मिळतं. वीस सेकंद, मागं संगीत नको, चमच्याचा आवाज पुरे.

पहिली शंभर गिऱ्हाइकं जाहिरातीनं आणायची नाहीत. ती हातानं आणायची: ओळखीतून, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून, सोसायटीतल्या एका घरातून दुसऱ्या घरात. प्रत्येकाला एकच जादा प्रश्न, "आमच्याबद्दल कुठून कळालं?" वहीत किंवा शीटमध्ये रकाने सात: तारीख, मोबाइल, शहर, कुठून कळालं, काय घेतलं, किती रुपये उरले, पुढचा फोन कधी. शेवटचा रकाना लोक गाळतात, आणि धंदा त्याच रकान्यात असतो. शंभर नोंदी झाल्या की कोणत्या शहरातून, कोणत्या वाटेनं ऑर्डर येते ते डोळ्याला दिसतं. त्याआधी जाहिरात लावली तर आकडे येतात, पण ते कशाशी ताडून बघायचे तेच कळत नाही.

व्हॉट्सॲप बिझनेसवर ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची होते, आणि ज्यानं आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो संदेश पोचतो. निम्म्या लोकांना हे माहीत नसतं. ते रोज संदेश टाकत राहतात आणि "रिस्पॉन्स नाही" म्हणतात. त्यामुळं खोक्यात घालायच्या चिठ्ठीवर आभार वगैरे थोडक्यात, आणि मोठ्या अक्षरात नंबर सेव्ह करायचं कारण: "नवी हळद आली की आधी इथं कळवतो." व्हॉट्सॲपमध्ये गिऱ्हाइकांच्या नावांना लेबलं शहराप्रमाणं आणि मागच्या खरेदीच्या महिन्याप्रमाणं लावावीत. महिन्यात दोनच संदेश. एक पगाराच्या आठवड्यात, एक काही सांगण्यासारखं असेल तेव्हा. सुप्रभातची फुलं पाठवणारा दुकानदार ब्लॉक होतो, आणि तक्रारी वाढल्या की नंबरच बंद पडतो. तो नंबर म्हणजे आपली सगळी गिऱ्हाइकं.

जाहिरातीचा हिशेब. एका क्लिकला चार रुपये पडतात आणि शंभरात दोन जण घेतात असं धरा. शंभर क्लिकचे ४०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४७२. एका ऑर्डरला २३६. हातात उरतात १२६. म्हणजे पहिल्या पार्सलला ११० रुपये खिशातून गेले. दुसरी ऑर्डर फुकट आली तरच ते भरून निघतात. जीएसटी नोंदणी असेल तर जाहिरातीवरचा कर वळता करून घेता येतो, आणि राज्याबाहेर माल पाठवायचा तर ती नोंदणी लागतेच. तरी चित्र फार बदलत नाही. म्हणून पहिली चाचणी लहान: दोन जाहिराती, एक पोतं बंद झालेल्यांसाठी, एक पाण्याच्या पेल्याची. प्रत्येकी रोज ३०० रुपये, सात दिवस. एकूण ४,२०० आणि कर धरून ४,९५६. पुणे शहर आणि भोवतीचा घेर, बाकी काही नाही. बटण वेबसाइटचं नको, व्हॉट्सॲपवर बोलायचं. नव्या नावाला लोक आधी प्रश्न विचारतात, मग पैसे देतात. प्रश्नाला दहा मिनिटांत उत्तर द्यायला माणूस बसलेला नसेल तर जाहिरात त्या वेळेपुरती बंद ठेवावी.

यात सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे दुसऱ्या दिवशी हात घालणं. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या यंत्रणेला माणसं ओळखायला आठवड्यात साधारण ५० निकाल लागतात; निकाल म्हणजे ऑर्डर किंवा संभाषण, जे आपण निवडू ते. रोज चित्र बदललं, बजेट वर-खाली केलं की तिचं शिकणं पहिल्यापासून सुरू. रोजच्या ३०० रुपयांत आठवड्यात पन्नास ऑर्डरी येणार नाहीत, पण पन्नास संभाषणं येऊ शकतात. म्हणून सुरुवातीला निकाल म्हणून संभाषणच निवडावं आणि सात दिवस वहीत लिहीत राहावं.

रेसिपीचे व्हिडिओ करणाऱ्यांना माल द्यावा का? द्यावा, पण भागाकार करून. ५,००० रुपये मागितले तर १२६ नं भागून ४० ऑर्डरी आल्या पाहिजेत, त्याही फक्त बरोबरीत यायला. प्रत्येकाला वेगळा कूपन कोड, आणि व्हिडिओवर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहिलेलं. ते नियमानंच बंधनकारक आहे.

कॅश ऑन डिलिव्हरी ठेवली नाही तर ऑर्डर येत नाही, ठेवली तर परत येते. हिशेब हळदीच्या जोडीचाच घेऊ. ९९ मध्ये पेमेंटचे ९ वाचले म्हणून १०८; त्यातून कुरिअरचा रोख वसुलीचा आकार ३५ गेला, ७३ राहिले. शंभरातली वीस पार्सलं परत आली, तर प्रत्येकाचं जाणं ७५, येणं ७०, खोकं १६ मिळून १६१. वीसांचे ३,२२०. ते उरलेल्या ऐंशींवर वाटले की पार्सलमागे ४०. शिल्लक ३३. म्हणजे ९९ चे ३३ झाले, आणि यात परत आलेला माल चांगला आहे असं धरलंय. पावसाळ्यात तसं धरता येत नाही. यावर दोन उपाय चालतात. ५० रुपये आधी यूपीआयनं घ्यायचे, बाकी दारात. ज्याला नकोच आहे तो तिथंच गळतो. आणि पार्सल निघायच्या आधी फोन: "पत्ता सांगता का?" खेड्यातला पत्ता 'मारुती मंदिराजवळ' एवढाच असतो; मुक्काम, पोस्ट, तालुका, पिनकोड आणि दुसरा मोबाइल नंबर विचारून घ्यावा. तालुक्याच्या पुढं कुरिअर जात नसेल तिथं सरळ पोस्टानं पाठवावं.

मोठ्या बाजारपेठांच्या ॲपवर माल टाकायचा की स्वतःच्या वेबसाइटवर, यावर फार वाद होतात. ॲपवर गिऱ्हाईक तयार असतं, पण कमिशन जातं आणि मोबाइल नंबर आपल्याला मिळत नाही, म्हणजे 'पुढचा फोन कधी' हा रकाना कोराच. ज्या धंद्याचा नफा दुसऱ्या ऑर्डरीत आहे त्याला ते मारक. वेबसाइट चार पानांची पुरते. फोटो हलके ठेवावेत, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि नंबर द्यावा. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यावा लागतो. गूगल नकाशावर नोंद फक्त तेव्हाच, जेव्हा गिऱ्हाईक दळपाच्या ठिकाणी येऊ शकतं. निव्वळ ऑनलाइन दुकानाला ती चालत नाही.

वेळ चुकली तर वरचं सगळं बरोबर असून फसतं. वर्षाची साठवण मार्च ते मे या काळात होते. तिखट कुटणं, हळद दळणं, डाळ करणं सगळं त्याच उन्हात. नवं हळकुंड मोंढ्यात यायला लागतं तेही तेव्हाच. तेव्हा चाचणी जानेवारी-फेब्रुवारीत जुन्या मालावर, पाकिटावर पॅकिंगचा महिना स्पष्ट ठेवून, आणि मोठा खर्च पंधरा मार्च ते पंधरा मे. जूनमध्ये उत्साहानं सुरू करणाऱ्याला ओली खोकी, गोळे झालेली पावडर आणि भरलेले डबे असलेली गिऱ्हाइकं मिळतात. पाकिटाला दुहेरी सील हवं, आणि भरलेलं खोकं कमरेच्या उंचीवरून सहा बाजूंनी टाकून बघावं. हळद सांडली तर आपलंच नाही, शेजारच्या चार पार्सलांचंही कापड पिवळं होतं.

जून ते ऑक्टोबर जाहिरात बंद, फक्त वही आणि व्हॉट्सॲप: येसर संपलेल्यांना फोन, दिवाळीआधी तिखट. आणि मार्गशीर्ष अमावास्येच्या पंधरा दिवस आधी लातूर-धाराशिवकडून आलेल्या गिऱ्हाइकांना एक संदेश वेगळा जातो. येळवशीला, म्हणजे त्या अमावास्येच्या सणाला, शेतात भज्जी (शेंगा-भाज्यांची एकत्र भाजी) शिजते ती आता पुण्यातल्या गच्चीवरही शिजवतात, आणि तिला लागणारी हळद-तिखटाची लहान पाकिटं त्या आठवड्यात लागतात. ती ४०० ग्रॅमच्या आत बसवली की कुरिअर ५२ रुपयांत जातं.